संध्याकाळी साडेसहाचा वाफा

पहिल्या वर्षी मी वाफे आखले ते भर दुपारी. सुट्टीचा दिवस, हातात सुतळी, चार खुंट्या आणि फावडं. ऊन इतकं लख्ख होतं की अंगणाचा कोपरा न् कोपरा फुलांच्या लायकीचा वाटत होता. तासाभरात तीन वाफे आखून झाले: एक व्हरांड्याच्या कठड्याला लागून, एक दक्षिणेकडच्या कुंपणभिंतीच्या कडेने आणि एक मधोमध. संध्याकाळपर्यंत खणूनही झाले.

बाग आईसाठी करायची हे पक्कं होतं. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला पायऱ्या उतरता येईनात. व्हरांड्यातली वेताची खुर्ची हीच तिची बाहेरची जागा झाली. पण ती त्या खुर्चीत कधी येऊन बसते, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. सकाळ तिची व्यायामात जायची, दुपारचं ऊन डोळ्यांना खुपायचं. ती बाहेर यायची साडेपाच-सहाला आणि अंधार पडेपर्यंत बसायची.

मधल्या वाफ्यात मी गडद लाल झिनिया आणि त्याच रंगाचा कोंबडा लावला होता. फुलं भरभरून आली. सकाळी बघावं तर नजर हटू नये. एका संध्याकाळी मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात आईची हाक आली.

"ती लाल फुलं काढलीस का गं?"

"काढेन कशाला? समोर तर आहेत."

"मला नुसता पाला दिसतोय."

मला वाटलं, तिचे डोळे तपासायला हवेत. बाहेर येऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि बघते तर मलाही नुसता पालाच दिसत होता. हिरवी पानं करडी होऊन का होईना, पण ओळखू येत होती. जिथे फुलं होती तिथे मात्र काळे डाग. सकाळी ज्या वाफ्यावरून नजर हटत नव्हती, तो साडेसहाला विझला होता.

याचं कारण पुढे वाचनात आलं. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने १९व्या शतकाच्या सुरुवातीला हीच गोष्ट टिपून ठेवली होती: उजेड कमी होत गेला की लाल रंग आधी काळवंडतो, निळा-हिरवा मात्र त्या मानाने उजळ राहतो. भरपूर उजेडात आपण डोळ्यांतल्या शंकूपेशींनी बघतो, अंधूक उजेडात दंडपेशी काम करू लागतात, आणि दंडपेशींना लाल रंग जवळजवळ कळतच नाही. म्हणजे दोष आईच्या डोळ्यांचा नव्हता आणि फुलांचाही नव्हता. वाफा दुपारच्या डोळ्यांनी आखला होता आणि बघायचा होता संध्याकाळच्या डोळ्यांनी.

उरलेल्या दोन वाफ्यांचीही तीच गत होती, फक्त कारणं वेगळी. कठड्यालगत मी चिनी गुलाब लावला होता, ज्याला काही जण ऑफिस टाइम म्हणतात. नावातच त्याचं वेळापत्रक आहे. ऊन चढलं की उघडतो, दुपार कलली की मिटतो. आई बाहेर यायच्या वेळी त्याच्या सगळ्या पाकळ्या वळून बसलेल्या. कार्ल लिनियसने १७५१मध्ये फुलांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा गोळा करून त्यांवरून घड्याळ मांडता येईल असं लिहिलं होतं. ते मी शाळेत कधीतरी ऐकलेलं, पण गंमत म्हणून. वाफा आखताना ते कामाचं ज्ञान आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वाफ्यात, भिंतीच्या कडेने, शेवंती होती. तिचं पुढे सांगते.

दुसऱ्या वर्षी मी फावड्याला हात लावायच्या आधी आईच्या खुर्चीत जाऊन बसले. तिच्यासारखीच, पाठ टेकून. बसल्या बसल्या पहिली गोष्ट कळली ती ही की कठडा मध्ये येतो. उभं राहिल्यावर कठड्याला लागून असलेली माती दिसते. बसल्यावर ती पार नाहीशी होते. भाचा सुट्टीला आला होता. त्याला हातात काठी देऊन अंगणात पाठवलं. तो काठीचं टोक जमिनीला टेकवून एकेक पाऊल मागे जात होता.

"आजी, टोक दिसतंय?"

"नाही रे. अजून मागे."

"आता?"

"अजून थोडा. हां, आता दिसलं. थांब तिथेच."

टेप लावली. कठड्यापासून अकरा फूट! म्हणजे अकरा फुटांच्या आत जे काही बुटकं लावीन ते आईला कधीच दिसणार नव्हतं. आदल्या वर्षी चिनी गुलाब बरोबर त्या आंधळ्या पट्ट्यात लावला होता. तो संध्याकाळी उघडा राहिला असता तरी फुकट. त्या ठिकाणी खुंटी ठोकली आणि मधल्या वाफ्याची पुढची कड तिथून धरली. माझ्या बागेची आखणी खऱ्या अर्थाने त्या खुंटीपासून सुरू झाली.

मग रंग. रोपं आणून, वाढवून, फुलल्यावर कळावं की दिसत नाहीत, असं पुन्हा करायचं नव्हतं. भाच्याने युक्ती काढली. त्याच्या हस्तकलेच्या सामानातले जाड रंगीत कागद होते. त्यांचे तळहाताएवढे गोल कापले, प्रत्येक रंगाचे पाच-पाच, आणि काड्यांना चिकटवून मधल्या जागेत रोवले. लाल, किरमिजी, केशरी, गुलाबी, जांभळा, फिकट निळा, लिंबासारखा पिवळा, पांढरा. सूर्य मावळायच्या सुमारास आई खुर्चीत, मी शेजारी वही घेऊन. दर पाच मिनिटांनी तिने सांगायचं, कोणता रंग ओळखू येतोय.

किरमिजी सगळ्यांत आधी गेला. पाठोपाठ लाल. आई म्हणाली, "लाल आहे हे कळतंय, पण ते तू सांगितलंस म्हणून." जांभळा कधी गेला ते दोघींनाही नेमकं सांगता आलं नाही, तो पानांच्या सावलीत मिसळून गेला. केशरी बराच वेळ तग धरून होता आणि मग एकदम मातकट झाला. गुलाबी फिकट होत होत पांढऱ्यासारखा दिसायला लागला, तो मला उलट आवडला. निळा मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी जास्त टिकला. शेवटी पिवळा आणि पांढरा उरले, आणि पांढरा तर तोंड दिसेनासं झालं तरी दिसत होता. त्या वहीच्या पानावर माझी रोपांची निम्मी यादी तयार झाली.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. एकेकटा सुटा रोवलेला गोल दिसायचा नाही, पण पाच गोल जवळ जवळ रोवले की तो रंग कितीतरी उशिरापर्यंत ओळखू यायचा. गर्ट्रूड जेकिल या इंग्लंडमधल्या नामांकित उद्यानरचनाकार. आधी त्या चित्रकार होत्या आणि त्यांची नजर अधू होती. त्या फुलझाडं सुटी सुटी न लावता एका जातीचे लांबट पट्टे लावत, एक पट्टा दुसऱ्यात सरकत जाईल असे. मला हे पूर्वी निव्वळ आवडीनिवडीचं वाटायचं. अधू नजरेच्या माणसाला लांबून बाग कशी दिसते, हे आईशेजारी बसल्यावर समजलं आणि त्या पट्ट्यांचा अर्थ लागला. आमच्याकडे मी नेम ठरवून टाकला: एका जातीची सातपेक्षा कमी रोपं एका जागी लावायची नाहीत. जागा कमी असेल तर जाती कमी करायच्या, रोपं नाही. हा माझा नवशिक्यांना सगळ्यांत कळकळीचा सल्ला आहे, कारण रोपवाटिकेत गेल्यावर प्रत्येकातलं एकेक उचलायचा मोह होतोच.

ऊन मोजायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. फुलझाडांना बहुतेक सगळ्यांना रोजचं निदान सहा तास थेट ऊन लागतं, हे सगळे सांगतात. पण ते सहा तास मोजायचे कसे आणि कधी? मी अंगणाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढला, एक चौकट म्हणजे एक फूट. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला सावलीची कड पेन्सिलीने ओढली. दिवसाअखेर कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसत होता, पण जिथे एकही रेघ गेली नव्हती ती जागा उन्हाची, हे लगेच दिसलं.

फसगत इथेच होते. हे मी उन्हाळ्यात केलं असतं आणि तेवढ्यावर थांबले असते, तर भिंतीकडचा वाफा पूर्ण उन्हात धरला असता. सूर्य दक्षिणायनात सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला सर्वांत खाली असतो, आणि दक्षिणेकडच्या भिंतीची सावली तेवढी लांब पडते. मेमध्ये आमच्या भिंतीला भर दुपारी सावलीच नसते. डिसेंबरात मी टेप लावली तर सहा फुटी भिंतीची सावली दुपारी बारा-साडेबारालासुद्धा साडेपाच फूट पुढे आलेली. भिंतीकडचा वाफा अडीच फुटी होता, म्हणजे हिवाळाभर तो पूर्ण सावलीत. जी फुलं हिवाळ्यात फुलायची तीच मी तिथे लावली होती. म्हणून सांगते, उन्हाचा नकाशा एकदा काढून भागत नाही. ज्या महिन्यांत फुलं हवीत त्या महिन्यांतला नकाशा हवा. वर्षभर थांबणं शक्य नसेल तर निदान दक्षिणेकडे काय उंच आहे ते बघून ठेवा.

त्या वाफ्यात आता अबोली आणि तेरडा आहे. दोघंही आडोशाची जागा चालवून घेतात. भिंत आणि वाफा यांच्यात एक फुटाची पट्टी मोकळी सोडली आहे, खुरपी घेऊन मागे जाता यावं म्हणून. एका बाजूनेच हात पोहोचत असेल तर वाफा दोन-अडीच फुटांहून रुंद करू नये, दोन्ही बाजूंनी पोहोचत असेल तर चार फुटांहून नाही. आत पाय टाकावा लागला की खणून भुसभुशीत केलेली माती परत चेपते, सगळी मेहनत वाया.

मातीचं मी थोडक्यात उरकते, कारण माझी काळी चिकट माती तुमच्याकडे असेलच असं नाही. फूटभर खोल खड्डा खणला, पाण्याने भरला, ते जिरू दिलं आणि परत भरला. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला एक ते तीन इंच उतरलं तर निचरा चांगला. आमच्याकडे तासाभरात अर्धा इंचसुद्धा उतरलं नाही. अशा मातीत वाळू मिसळायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नका. थोडी वाळू चिकट मातीत गेली की ती आणखी घट्ट बसते. उपाय दोनच: कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत सढळ हाताने, आणि गादीवाफा. मी जमिनीपासून सहा इंच उचलला. आणि ओल्या मातीत कुदळ घालू नका. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर फुटला तर खणा, बोट उमटलं तर दोन दिवस थांबा.

मधल्या वाफ्याचा आकार पाण्याच्या नळीने ठरवला. नळी उन्हात तापली की मऊ पडते आणि हवी तशी वळते. ती जमिनीवर टाकायची, आईने खुर्चीतून सांगायचं, "उजवीकडे पोट जास्त आलंय," मी पायाने सरकवायची. शेवटी अंड्याच्या आकाराचा, नऊ फूट लांब, चार फूट रुंद असा वाफा झाला. नळीच्या कडेने चुन्याची रेघ मारली आणि नळी उचलली. तो वाफा साधारण २८ चौरस फुटांचा. सहा इंच उंचीसाठी १४ घनफूट माती-खत लागलं. पाणी पडल्यावर ते बसतं, म्हणून पाव हिस्सा जास्त धरला.

रोपांचा हिशोबही याच आकड्यावरून निघतो आणि तो केलाच पाहिजे. एका फुटावर एक रोप धरलं तर २८ रोपं, नऊ इंचांवर धरलं तर पन्नासच्या आसपास. आदल्या वर्षी तेवढ्याच जागेत मी शंभरावर रोपं कोंबली होती, कारण लावताना ती वीतभर असतात आणि मधली माती रिकामी बघवत नाही. महिन्याभरात झिनियाच्या पानांवर भुरी आली. पानं पिठात बुडवून काढल्यासारखी. गर्दीत वारा खेळत नाही, हवा दमट राहते, मग भुरीला आवतणच. या खेपेला काड्या रोवून जागा ठरवल्या, एका ओळीतल्या दोन काड्यांच्या मध्ये पुढच्या ओळीतली काडी येईल अशा. मधल्या मातीवर दोन इंच वाळका पाला पसरला, खोडापासून चार बोटं लांब. पहिले पंधरा-वीस दिवस वाफा उघडाबोडका दिसतो. दिसू द्या.

मधोमध पांढरा कॉसमॉस, कारण वाफा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि उंच झाड मध्ये हवं. त्याच्या भोवती पांढरा झिनिया आणि लिंबू रंगाचा झेंडू, पट्ट्यापट्ट्याने. एका अंगाला निळा साल्विया, कागदी गोलांनी दिलेल्या ग्वाहीवर. कडेला पांढरी सदाफुली. लाल अजिबात टाकला नाही असं नाही. माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सात लाल झिनिया आहेत, ते मी सकाळी बघते.

गुलबक्षी मात्र मुद्दाम कठड्याजवळ लावली, त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात. ती अडीच-तीन फूट वाढते, त्यामुळे कठड्यावरून डोकावते. ती चार-पाचच्या सुमारास उघडते आणि सकाळपर्यंत उघडी राहते, आईच्या वेळापत्रकाला अगदी धरून. वासही तेव्हाच सुटतो, पतंगांसाठी. तिच्या बिया आणि मुळं विषारी असतात, तेव्हा रांगतं मूल किंवा पाळलेलं जनावर असेल त्या घरात जपून. जमिनीत तिचे कंद राहतात आणि ती दरवर्षी नव्याने वर येते, म्हणून जागा विचार करून द्यावी.

रोपं आणताना एक फटका बसलाच. एका रोपवाटिकेतून बुटका म्हणून आणलेला झेंडू कमरेएवढा झाला आणि मागची सदाफुली झाकून टाकली. रोप लहान असताना जात ओळखणं मला अजून जमत नाही. आता मी एखादं तरी फुललेलं झाड दाखवा म्हणते, किंवा बी आणून घरीच रोपं करते. झेंडूची आणि झिनियाची रोपं घरी करायला काहीच अवघड नाही.

आता शेवंती. पहिल्या वर्षी भिंतीकडच्या वाफ्यात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावली होती. सगळीकडे सारखीच सावली, सारखंच खत, सारखंच पाणी. लांबच्या टोकाला कमी का होईना, पण कळ्या धरल्या. व्हरांड्याजवळच्या चार-पाच झाडांवर मात्र एकही कळी नाही, नुसती तजेलदार हिरवी पानं. मी खत कमी केलं, पाणी कमी केलं. काही फरक नाही. एका रात्री उठून पाणी प्यायला गेले आणि खिडकीतून पाहिलं, तर व्हरांड्याच्या दिव्याचा उजेड बरोबर त्या चार-पाच झाडांवर पडला होता. जिथे उजेडाची कड संपत होती, तिथून कळ्या सुरू होत होत्या. चाकूने कापल्यासारखी रेघ.

तो दिवा आम्ही रात्रभर लावून ठेवत असू, आईला काळजी नको म्हणून. आणि शेवंती ही रात्र मोजणारी वनस्पती. रात्र पुरेशी लांब आणि सलग काळोखाची मिळाली तरच ती कळ्या धरते. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये दाखवून दिलं की काही वनस्पती फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. खरा हिशोब काळोखाचा असतो हे नंतर उलगडलं. फुलांची शेती करणारे याचा उपयोग करून घेतात. शेवंती उशिरा हवी असेल तर शेतात रात्री दिवे लावतात. मी तेच करत होते, नकळत, वर्षभर.

म्हणून दुसऱ्या वर्षी उन्हाच्या नकाशाशेजारी रात्रीचाही नकाशा काढला. अंधार पडल्यावर अंगणात फिरायचं आणि जिथे आपली सावली पडते ती जागा खुणेने नोंदवायची. आमच्या दिव्याचा उजेड एका बाजूने, रस्त्यावरच्या दिव्याचा दुसऱ्या बाजूने. दोन्हींच्या बाहेर एकच पट्टा उरत होता, मधल्या वाफ्याच्या पलीकडे, आणि त्याला दिवसा ऊनही भरपूर होतं. पांढरी आणि फिकट पिवळी शेवंती तिथे गेली. पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडले, झाडं पसरट झाली. दिव्याला वरून झाकण बसवून उजेड फक्त पायरीवर पडेल असा केला, आणि तोही आई आत गेल्यावरच लावायचा असं ठरलं.

नोव्हेंबरात तिकडच्या एकूण एक झाडावर कळ्या होत्या.

त्यातली पहिली फुलं उघडली त्या दिवशी मी कामावरून उशिरा आले. अंधार जवळजवळ पडला होता. आई खुर्चीतच होती, शाल पांघरून. मला वाटलं तिला आत यायला कुणी हात दिला नसेल. चपला काढता काढता मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "दिवा नको लावूस अजून. मागची पांढरी मी आत्ताच मोजायला घेतलीत."